नारिंगी सुतळीने बांधलेले फाटक

मी एक जुने फाटक आहे, मित्रांनो, आणि सायकलवरून येणाऱ्या माणसांविषयी माझे मत चांगले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून गोडव्याची अपेक्षा राहणार नाही.

टॅम्बो नदी सरोवराला मिळण्याआधी जिथे शेवटचे मोठे वळण घेते, तिथे खडीच्या रस्त्यावर मी उभे आहे. माझ्या वरच्या अंगाला हेफर्नान घराण्याचे कुरण, खालच्या अंगाला दोन कुंपणांमधून थेट पाण्यापर्यंत उतरणारी वाट. मी मूळचे या नदीकाठचेच एक रेड गमचे, म्हणजे लाल लाकडाच्या निलगिरीचे, झाड. एका पुरात नदीने मला उपटले आणि क्लेम हेफर्नानच्या बांधावर आणून टाकले. त्याने मला दोन वर्षे सावलीत वाळवले, कापले, तासले. पाच आडव्या दांड्या, त्यांना पेलणारी एक तिरपी, जाड बिजागऱ्या आणि एक साखळी. काम संपल्यावर तो माझ्यावर रेलून म्हणाला, "पुरानं मोडलं तर मोडेल. गाईंच्या बापाला नाही मोडायचं." क्लेम स्तुतीच्या बाबतीत कंजूष होता. ते वाक्य मी चाळीस वर्षे जपून ठेवले.

आमच्याकडच्या मुलांना शाळेचे तोंड पाहण्याआधी एक गोष्ट शिकवली जाते. फाटक उघडे दिसले तर उघडे ठेवायचे, लावलेले दिसले तर लावायचे. कारण विचारायचे नाही. ते मालकाच्या डोक्यात असते. दुधाच्या गाड्या येत होत्या तोवर हा नियम कुणी मोडला नाही. मग त्या थांबल्या, क्लेम गेला, बिजागऱ्यांना तेल मिळेनासे झाले, माझ्या अंगावर करडे शेवाळ चढले. कित्येक दिवस माझ्याजवळून फक्त वाराच जाई, आणि वाऱ्याला फाटकाची गरज नसते.

त्यानंतर सायकलवाले आले.

शहरातून अडीचशे किलोमीटर गाडी हाकत येऊन ही माणसे गाडीच्या टपावरून सायकली उतरवतात. कपडे इतके घट्ट, की साल काढलेल्या बटाट्यांची मिरवणूक वाटावी. सायकलचे वजन ग्रॅममध्ये सांगतात आणि मग खिशातून तीन केक काढून खातात. जी धूळ आम्हाला जन्मापासून फुकट मिळाली, तिच्यासाठी सुट्टी काढतात. खडबडीत रस्त्यावर त्यांचे फार प्रेम. असणारच, दुपारनंतर त्यांना तिथे राहायचे नसते. मला टेकून फोटो काढतात. मागे नदी आहे, पुढे सरोवर आहे, वर आकाश आहे, आणि त्यांच्या फोटोत असते ती सायकल.

त्यांच्या म्होरक्याचे नाव डेमियन. सरोवरापासून नदीपर्यंतच्या आमच्या रस्त्याला त्याने 'दोन पाण्यांची वाट' असे नाव दिले, जणू आम्ही इतकी वर्षे बेवारस होतो. तिचा नकाशा छापला आणि त्याखाली सूचना लिहिली: 'प्रत्येक फाटक आठवणीने लावा.' आपण किती सुसंस्कृत आहोत, असे ती लिहिताना त्याला नक्कीच वाटले असणार.

क्लेमची मुलगी नोरीन आता एकटीच कुरण सांभाळते. शेजारचा व्हर्न तिला सारखा सांगे, "कुलूप ठोक, नोरीन. ही मंडळी शिंकायलासुद्धा नकाशा बघतात." बाबांनी पाण्याच्या वाटेला कधी कुलूप घातले नाही, एवढेच ती म्हणे. पण मागच्या उन्हाळ्यात तिने एक कुलूप विकत घेतले आणि गाडीत टाकून ठेवले.

त्याच फेब्रुवारीत, दक्षिण गोलार्धातल्या आमच्या भर उन्हाळ्यात, कुरणातले तळे आटले. तळाचा चिखल भेगाळून टणक झाला. नोरीनने मला कुरणाच्या बाजूला पूर्ण उघडले आणि गवताच्या गठ्ठ्याची नारिंगी सुतळी घेऊन कुंपणाच्या खांबाला दुहेरी गाठीने बांधले. एक्केचाळीस गाई आणि त्यांची वासरे दिवसातून दोनदा माझ्यासमोरून नदीवर जाऊ लागली. बांधलेले फाटक आणि तुडवलेली वाट! वाचता येणाऱ्याला यापेक्षा मोठे अक्षर लागत नाही.

एका सकाळी नोरीन बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी सेल गावाला गेली; संध्याकाळी परतायची होती. उन्हे तापू लागली आणि सायकलवाले आले. सहा जण. सर्वांत मागे लिओनी नावाची एक पोक्त बाई, धापा टाकत. तिच्या सायकलला पितळी घंटी होती. ओसाड रस्त्यावर घंटी! सगळ्यांत जास्त तुच्छता मी तिच्यासाठी राखून ठेवली होती.

डेमियन सुतळी सोडू लागला तेव्हा बोलली ती एकटीच. "अरे, ही कोणीतरी बांधलीये. मुद्दाम."

"मुद्दाम कसली? आळस आहे नुसता. उद्या गाय गाडीखाली आली की बोंब आपल्या नावानं."

"पण गाठ बघ ना, दुहेरी–"

"लिओनी, तू गाठी बघत बस. आम्ही तोवर जेवून येतो."

बाकीचे हसले. ती गप्प बसली. डेमियनने मला लोटले, साखळी खिळ्यात अडकवली, माझ्या पाठीवर शाबासकी दिल्यासारखे थोपटले आणि फोटो काढला. सुतळी खाली खडीत पडून राहिली.

दुपारी गाई आल्या. आधी त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. गाईंना माणसांवर विश्वास ठेवायची वाईट सवय असते. मग पुढचीने माझ्यावर मान टेकली, मागचीने तिच्यावर, आणि सगळा कळप माझ्या अंगावर रेलला. पन्नास पावलांवर पाणी चमकत होते. त्याचा वास त्यांना येत होता. मलाही येत होता. एका वासराने माझ्या तिसऱ्या दांडीखालून नाक बाहेर काढले आणि ते तसेच ठेवले. जन्मभर ज्या झाडाने टॅम्बोचे पाणी प्यायले, त्याचीच ही हाडे, आणि ती तहानेच्या आड उभी होती. मी मोडू पाहिले. सगळ्या सांध्यांना विनवले. पण क्लेमने सांधे नीट बसवले होते. ज्या वाक्यावर मी चाळीस वर्षे जगले, ते त्या दिवशी मला शापासारखे ऐकू आले.

वासराने पाय दुमडले.

तीनच्या सुमारास रस्त्यावर धूळ दिसली. एकटीच सायकल. लिओनी वीस किलोमीटर पुढे जाऊन, उलट्या वाऱ्यात परत आली होती. का, ते तिनेच नंतर नोरीनला सांगितले: समोर जेवणाचे ताट होते आणि तिला ताटात ती गाठ दिसत होती.

तिने साखळी ओढली. कळपाच्या भाराने ती तारेसारखी ताणलेली. तिने गाईंना हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या; तहानेला टाळ्या ऐकू येत नाहीत. मग तिने सायकल उचलली, पुढचे चाक माझ्या वरच्या दांडीवरून आत लोटले आणि घंटी वाजवत सुटली, एका दमात, हात दुखेपर्यंत. पुढची गाय बिचकली. एक पाऊल मागे. पुन्हा घंटी, आणखी एक पाऊल. साखळी सैल झाली, लिओनीने ती खिळ्यातून काढली, आणि मी नदीच्या बाजूला धाडकन उघडले. ती माझ्या आणि कुंपणाच्या मधल्या कोपऱ्यात ढकलली गेली. सायकल खुरांखाली गेली. एक्केचाळीस गाई माझ्या छातीला घासत धावल्या आणि माझ्या मागे ती सुरक्षित राहिली. त्या दिवशी माझ्या मजबुतीचा झालेला उपयोग तेवढाच.

वासरू मात्र उठले नाही. लिओनीने आपल्या बाटलीतले पाणी त्याच्या ओठांवर ओतले. ते दोन्ही बाजूंनी वाहून गेले.

संध्याकाळी नोरीनची गाडी आली. तिने वासरू पाहिले, चिरडलेली सायकल पाहिली, मला पाहिले.

"कोणी लावलं?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे? तुझ्या हातांनी?"

"हात माझे नव्हते. पण गाठ मला दिसली होती. दिसली आणि मी गप्प बसले."

नोरीनने वाकून वासराचे डोळे मिटले. मग म्हणाली, "टोळीत एकीला तरी डोळे आहेत म्हणायचे. तोंड मात्र उशिरा फुटलं."

तिने गाडीतून कुलूप काढले. अजून पुठ्ठ्यातच होते.

"घाला," लिओनी म्हणाली. "आमची लायकी तीच आहे."

"लायकीचं सोड. आज हे साखळीला असतं, तर तू बाहेर उभी राहून बघत बसली असतीस." नोरीनने ते हातात तोलले आणि पुन्हा गाडीत टाकले. "कुलूप चुकत नाही, पण परतही येत नाही. ती सुतळी उचल. दुहेरी गाठ कशी घालतात, दाखवते."

वासराला त्या दोघींनी मिळून नदीकाठी पुरले.

डेमियनच्या नकाशाखालची सूचना आता बदलली आहे: 'फाटक जसे दिसेल तसे सोडा.' वर माझा फोटो, आणि लिहिण्याचा थाट असा, की हा नियम त्यानेच आमच्या मुलांना शिकवला. असो. शहाणपण उशिरा आले, तेही उसने.

सायकलवाल्या मित्रांनो, मला रंग नको, तेल नको, तुमचे थोपटणे तर नकोच. माझ्यापाशी याल तेव्हा आधी खाली बघा, वाट कुणाच्या खुरांनी तुडवली आहे; मग गाठ बघा. कुणीतरी विचार करून ती घातलेली असते. आणि शंका आली, तर ती जेवणाच्या ताटापर्यंत नेऊ नका. तिथेच, तेव्हाच बोला. माझ्या तिसऱ्या दांडीखाली त्या वासराच्या नाकाचा एक ओलसर डाग होता. पाहणाऱ्याला तो आता दिसत नाही. मला दिसतो.

बाकी तुमच्याविषयीचे माझे मत आहे तेच आहे. घंटी मात्र काढू नका.