गाडी नसलेल्या घराची डांबरी वाट

मी एक जुनी डांबरी वाट आहे. जुनी म्हटल्यावर हसू नका, मित्रांनो. मला पुरता एक उन्हाळासुद्धा काढता आला नाही. पण फोडून, ढेकळं करून कुंपणाशी ढीग घातल्यावर वय विचारतं कोण? इथून मला घराची खिडकी दिसते आणि माझ्या जागेवर घातलेलं नवं काँक्रीटही दिसतं.

फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत, एवढाच माझा पसारा. माझ्याआधी तिथे खडी होती. घरातल्या आजींचा एक पाय आजारपणात लुळा पडला आणि वॉकर घेऊन खडीवरून चालणार कसं, असा प्रश्न आला. म्हणून वाट करायची ठरली. काँक्रीट की डांबर यावरून मात्र बरीच खडाजंगी झाली. मुलाचं म्हणणं, आपल्याकडचं ऊन बघा, त्यात डांबर पाघळतं, काँक्रीटच घाला. मुकादम म्हणाला, काँक्रीट चांगलंच, पण त्याला कित्येक दिवस पाणी मारायचं आणि पक्कं होईपर्यंत पाऊल ठेवायचं नाही; डांबरावर उद्या चाला. आजोबा अडले ते इथेच. आजींना दवाखान्यातून लगेच घरी सोडणार होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पाय पहिल्या दिवसापासून हलला नाही तर आखडून बसेल. शिवाय पांढऱ्या काँक्रीटवरची तिरीप आजींच्या डोळ्यांना सोसत नसे. आजोबांनी घाई केली, असं पुढे सगळे म्हणाले. मला ते कधी पटलं नाही.

काम सुरू करण्याआधी मुकादमाने एकच गोष्ट विचारली, "गाडी कुठली उभी राहणार?"

"गाडी कसली? ती केव्हाच विकली," आजोबा म्हणाले. "हिचं चालणं तेवढं. चिमणीएवढं तर वजन."

मुकादमाने मान डोलावली आणि माझा माल मऊसर ठेवला, थरही पातळ घातला. घोळ झाला तो इथे. गाडीचं ओझं रुंद चाकांवर पसरतं. वॉकरवर रेललेल्या माणसाचा सगळा भार चार बारक्या टोकांवर उतरतो. पण गाडी नाही म्हणजे ओझं नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं. वॉकरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

ते थंडीचे दिवस होते. मी काळीकुळकुळीत, सपाट आणि टणक होते. आजींनी घरी आल्या दिवशी मला पायरीवरून न्याहाळलं आणि आजोबांना म्हणाल्या, "घरात एक डांबरट होताच, आता दारातही आणलात." आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. रोज सकाळी ते मला झाडून काढायचे आणि मग आजी चालायला निघायच्या. शेजारपाजारचे थांबून माझं कौतुक करायचे. खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

आजींनी एक पण केला होता. त्यांची नात शाळेच्या बसने दुपारी फाटकाशी उतरते. तिला त्यांनी सांगितलं होतं की शाळेला सुट्टी लागायच्या आत मी तुला घ्यायला फाटकापर्यंत येईन, आजोबांचा हात न धरता. आधी त्या पायरीपासून चार पावलं टाकायच्या, मग निम्म्या वाटेपर्यंत येऊ लागल्या. प्रत्येक पाऊल मला कळायचं. लुळा पाय आधी फरफटायचा, मग हळूहळू टेकू लागला.

त्या फाटकाशी पोचल्या तेव्हा ऊन रणरणत होतं. आजोबांनी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती. माझ्या डोक्यावर कोण धरणार? मी सकाळपासून तापत होते. आजी चालत होत्या तोवर मी कशीबशी सावरून होते, पण बसला उशीर झाला आणि आजी एका जागी थांबून राहिल्या. वॉकरचे पाय माझ्यात रुतत गेले. मला ते कळत होतं. मला घट्ट व्हायचं होतं, पण उन्हापुढे डांबराचं काही चालत नाही.

बस आली. नात बसच्या पायरीवर दिसली तशा आजी खुशीत पुढे सरसावल्या आणि त्यांनी वॉकर उचलला. पुढचे पाय सुटले, मागचे सुटले नाहीत. आजी कुशीवर कोसळल्या. छत्री टाकून आजोबा धावले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं. हृदय कमजोर म्हणून शस्त्रक्रिया करता येत नाही आणि आता त्या उठायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, असं म्हणतात. मला तर पहारीने खणलं, त्याचं काही नाही. पण त्या आठवड्यात आजोबांना सगळ्यांनी कोपराने खणलं. मुलगा म्हणाला, मी सांगत होतो. सून म्हणाली, शेजारी म्हणाले. मुकादमसुद्धा म्हणाला की मी विचारलं होतं.

मग आजोबांनी काँक्रीट घातलं. स्वतः नळी धरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. नात आता त्याच्यावरून मान खाली घालून पळत घरात जाते.

मित्रांनो, तुमच्या घरी वाट करायची झाली तर तिच्यावर कोण चालणार आणि कोण थांबणार, हे आधी विचारा. मुकादम म्हणतो की मला नेऊन पुन्हा वितळवतील आणि दुसऱ्या कुणाच्या दारात अंथरतील. तिथेही असंच ऊन असेल, आणि तिथेही आधी गाडीचंच विचारतील.

काल खाटेवरून आजींनी खिडकीतून विचारलं, "झालं का हो कडक?"

"झालं. नुसता दगड," आजोबा म्हणाले. "आता फाटकापर्यंत कुठे रुतायचं नाही."

"बरं झालं," आजी म्हणाल्या. "मला न्यायला येतील त्या चौघांचे पाय तरी नीट पडतील."

आजोबांनी नळी उचलली आणि फाटकाकडून सुरुवात केली. काँक्रीट केव्हाच पक्कं झालंय, त्याला आता पाणी लागत नाही. आजोबा मारत राहिले.