चुडीवाले शॉकअप

नूतन पाटील बेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी तिने एक जुनी लाल गाडी घेतली. कारण सरळ होतं. तिची शाळा राणीपूरच्या वर, तोरणमाळच्या घाटातल्या एका पाड्यावर. घर पुरुषोत्तमनगरला, कारण नवरा हेमकांत साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. हे अंतर ती बारा वर्षं वडाप जीपमध्ये दाटीवाटीने बसून कापत आली होती, आणि त्यातला घाटाचा तुकडा तोंडाला रुमाल लावून. तिला लहानपणापासून गाडी लागायची. सपाटीवर काही नाही, पण वळणं सुरू झाली की पोटात ढवळायला लागे.

गाडी नंदुरबारच्या एका एजंटाकडे मिळाली. हेमकांत तिच्याभोवती फिरून म्हणाला, "जरा बसकी दिसते." एजंट म्हणाला, "स्पोर्टी लूक आहे, साहेब." दोघांनी हायवेवर चक्कर मारली. रस्ता नवा होता, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. व्यवहार झाला.

सोमवारी म्हसावदच्या पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासलं. पुढे राणीपूरपर्यंत प्रत्येक खड्डा चाकाखालून जाण्याऐवजी थेट नूतनच्या पाठीत आला. शाळेत पोचल्यावर ती पाच मिनिटं गाडीतच बसून राहिली. काय बिघडलंय ते तिला कळेना. इंजिन नीट, ब्रेक नीट, गिअर लोण्यासारखे पडत होते. फक्त गाडी रस्त्यावर चालत नव्हती, आपटत होती.

मग सल्ले सुरू झाले. पेट्रोल पंपावरच्या माणसाने सांगितलं, चाकात हवा जास्त आहे. तिने हवा कमी केली, तर गाडी आणखी घासायला लागली. शाळेतले नवलसिंग पावरा सर म्हणाले, सीटचा फोम गेलाय, उशी घ्या. तिने उशी घेतली, तर डोकं छताला लागायला लागलं. कळसाडीला राहणारा तिचा भाऊ म्हणाला, गाडी अपघातातली असणार, चेसिस वाकलीय, परत करून टाक. प्रत्येकाचं ऐकताना तिला ते पटायचं. दुसऱ्याचं ऐकलं की तेही पटायचं.

हेमकांतने आठवडाभर गाडीची कुरकुर ऐकली. मग एका संध्याकाळी चहा पिताना हळूच म्हणाला, "तू नवीन आहेस ना अजून. कदाचित चालवण्यातच काही असेल."

हे मात्र तिला लागलं. तिने किल्ली त्याच्यासमोर ठेवली. तो कारखान्याच्या गेटपासून शहाद्यापर्यंत गाडी घेऊन गेला आणि कमरेला हात लावून परत आला. किल्ली जागेवर टांगली. मग म्हणाला, "नवी असताना होतं असं." गाडी नऊ वर्षांची होती.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून नूतनने गाडी लोणखेड्याला भटू मिस्तरीच्या गॅरेजमध्ये नेली. भटूला या कामात सव्वीस वर्षं झाली होती. त्याने जॅक लावला, पुढचं चाक काढलं, आणि आत पाहून उकिडवा बसला तो बसूनच राहिला.

"ताई, हाई काय शे?"

"मला काय माहीत, भटूभाऊ? तुम्ही सांगा."

"मी हाई पहिल्यांदाच देखी ऱ्हायनू."

चाकामागे नेहमीचा काळा शॉकअप नव्हता. चांदीसारखी चकचकीत जाड नळी, तिच्यावर बोल्टासारखे आटे, आणि त्या आट्यांवर निळ्या रिंगा. दोन रिंगांवर पिवळी स्प्रिंग टेकलेली, आणि एक रिंग एकदम खाली, वेगळीच. भटूने दुसरं चाक काढलं, मग मागची दोन्ही. चारही ठिकाणी तेच. आट्यांना तो चुडी म्हणायचा. "चुडीवाला शॉकअप," तो म्हणाला. नाव दिल्यावर त्याला जरा धीर आल्यासारखं वाटलं.

आटे आहेत म्हणजे फिरवायची सोय आहे, हे दोघांनाही समजलं. भटूने स्प्रिंगखालच्या रिंगा छिन्नीने हळूहळू ठोकत वर नेल्या. गाडी दोन बोटं उंच झाली. नूतनला इतकं हायसं वाटलं की तिने गॅरेजातल्या सगळ्यांना चहा पाजला.

सोमवारी गाडी गतिरोधकावर घासली नाही. पण प्रत्येक गतिरोधकावरून उतरताना खालून टण्ण असा आवाज आला, जसं काही चाक लोंबकळून कशाला तरी अडलं. शिवाय स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी डावीकडे, उसाच्या शेतात जाऊ पाहत होती. आता आधीच्यापेक्षा बरं आहे की वाईट, हेही तिला ठरवता येईना.

संध्याकाळी भटूने आवाज ऐकला, पुन्हा चाक काढलं, पुन्हा लावलं. मग हात पुसत म्हणाला, "मन्हाच हातनं काहीतरी चुकनं, ताई. पन काय चुकनं ते माले समजत नही. जेनी हाई बसाडेल व्हई, तेलेच इचारा."

ज्याने हे बसवलं असेल, त्यालाच. गाडीच्या कागदांत विक्रीच्या फॉर्मची झेरॉक्स होती. तिच्यावर आधीच्या मालकाचं नाव होतं, करणसिंग गिरासे, पत्ता सुरतचा, आणि मोबाइल नंबर. नूतनने गॅरेजमधूनच फोन लावला. सुरतचा माणूस म्हणून तिने हिंदीत सुरुवात केली.

"बोला ना, ताई," पलीकडून उत्तर आलं. "मी सारंगखेडाकडना शे."

तिने घासण्यापासून टण्णपर्यंत सगळं सांगितलं. मग त्याने एवढंच विचारलं, "वरनी रिंग फिरावी का?"

"हो."

"कितली?"

नूतनने भटूकडे पाहिलं. भटूने दोन बोटं दाखवली. तिने सांगितलं. पलीकडे त्याने असा श्वास सोडला, जणू कुणी त्याचंच बोट पिळलं होतं.

मग व्हिडिओ कॉल झाला. भटू फोन चाकाजवळ धरून बसला आणि करणसिंग सुरतेहून सांगत गेला. वरच्या रिंगा फक्त स्प्रिंग दाबून धरण्यासाठी. त्या उंचीसाठी वापरल्या की चाकाला खाली जायला जागा उरत नाही, म्हणून तो आवाज. उंचीसाठी अगदी खालची रिंग सैल करायची आणि अख्खा शॉकअपच फिरवायचा, म्हणजे नळी खालच्या बुडख्यातून वर येते आणि स्प्रिंगला धक्का लागत नाही. चारही चाकांना मोजून. टेप लावून. बोनेटखाली शॉकअपच्या डोक्यावर एक घुंडी आहे, मागेही डिकीतून हात पोचतो. ती फिरवली की टिक टिक वाजते. टिक वाढली की गाडी कडक, कमी झाली की मऊ.

"कितीवर ठेवू?" नूतनने विचारलं.

"मी पंचवीसवर ठेवे. तुम्ही चालवी देखा."

फोन ठेवण्याआधी तो थांबला. "ताई, गाडीना जुना शॉकअप मन्हाकडे माळावर पडेल शेतस. तुम्हले हाई डोकादुखी नको व्हई, तर ते मी आनी देस. हाई मी परत ली जास."

नूतन लगेच हो म्हणाली. दोन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला.

भटूला सगळं नीट करायला दोन दिवस लागले. चाकांची अलाइनमेंट झाल्यावर गाडी सरळ गेली. मग घुंडीचं काम नूतनने स्वतःच्या हातात घेतलं. शाळेच्या हजेरीसारखा तिने एका वहीत तक्ता आखला. सोमवारी वीस टिक: दात वाजतात. मंगळवारी पाच: गाडी होडीसारखी डुलते. बुधवारी पंधरा. गुरुवारी तिने पूर्ण मऊ करून तिथून दहा मोजल्या आणि निघाली.

गुरुवारी ती शाळेसमोर उतरली, फळ्यावर तारीख लिहिली, घरच्या पावरी बोलीतून मराठीत येताना अडखळणाऱ्या पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला दिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की घाट येऊन गेला. पोटात काही झालंच नव्हतं. बारा वर्षांत हे तिला पहिल्यांदाच जाणवत होतं; गाडी घेतल्यापासून सगळं लक्ष आदळण्यात आणि आवाजातच गेलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती खडू हातात धरून गोंधळून उभी राहिली. हे शॉकअप तर ती येत्या रविवारी देऊन टाकणार होती.

घरी तिने हेमकांतला सांगितलं. तो म्हणाला, "चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, नूतन. शॉकअपचा काय संबंध?" तेही खरं असेल. पण गाडी वळणावर जीपसारखी एका अंगावर कलंडत नव्हती, हेही खरं होतं.

रविवारी करणसिंग एसटीने आला. दोन बारदानांची ओझी खांद्यांवर, चाळिशीतला, काटक माणूस. गॅरेजमध्ये ओझी ठेवून तो आधी गाडीकडे गेला, वाकून चाकाच्या कमानीत हात घातला आणि बोटांनी अंतर मोजलं. "बराबर करं," तो भटूला म्हणाला. भटूचा चेहरा खुलला.

पान्हे काढता काढता भटूने सहज विचारलं, "बापू, तुम्हनी नवी गाडी बी हाईच शे का?"

"नही. ती मोठी शे. वेगळी."

"मंग हाई तिले बसनार नही."

"माहीत शे."

"मंग ली जाईसन काय करशात?"

करणसिंगने एक पान्हा उचलून भटूच्या हातात दिला. "ते माले बी समजत नही," तो म्हणाला.

नूतनला वाटलं, आता बोलावं. पण काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. "बापू, काढण्याआधी एकदा घाटात येता का?" ती म्हणाली. भटूने पान्हे खाली ठेवले.

ती चालवत होती, तो शेजारी. म्हसावद मागे पडलं, राणीपूर मागे पडलं. घाटात तो पहिल्या दोन वळणांना पाय दाबून बसला, जसा ब्रेक त्याच्याच पायाखाली होता. मग पाय सैल झाले. वरच्या मोकळ्या जागेत तिने गाडी थांबवली. खाली दरीत सागाची पानं करपून तपकिरी झाली होती.

"कितलावर शे?" त्याने विचारलं.

"दहा. पूर्ण मऊ करून, तिथून दहा."

दरीकडे बघत तो सांगायला लागला. त्याने चार वर्षं घुंडी पंचवीसवर ठेवली होती. मित्रांनी सांगितलं होतं, कडक म्हणजे चांगली. बायको भूमिका म्हणायची, जरा मऊ करा, माझी पाठ जाते. तो म्हणायचा, तुला यातलं कळत नाही. शेवटी तिने गाडीत बसणंच सोडलं, आणि त्याने गाडी विकली. "एक डाव बी फिरावी नही मी ती घुंडी," तो म्हणाला. "दहावर गाडी अशी चालस, हाई माले माहीतच नव्हतं."

मग त्याने घाट उतरताना आपण चालवू का म्हणून विचारलं. नूतनने किल्ली दिली.

तो छान चालवत होता. गाडी दोरीवर चालल्यासारखी वळत होती. आणि तिसऱ्या वळणावर नूतनच्या तोंडात मळमळीचं पाणी जमायला लागलं. तिने काच खाली केली. पाचव्या वळणाला तिला "थांबवा" म्हणावं लागलं.

ती कठड्याशी ओकून परत आली आणि दगडावर बसली. करणसिंगने पाण्याची बाटली उघडून दिली. तो घाबरला होता. "मन्हं काही चुकनं का?"

"नाही." तिने तोंड पुसलं. "म्हणजे ते शॉकअपमुळे नव्हतंच. मी चालवत होते म्हणून लागत नव्हती." आणि तिने त्याला गुरुवारची सगळी हकिकत सांगितली.

करणसिंगने ऐकून घेतलं. "मंग बदली टाकू ना. जुना बसाडीसन बी तुम्हले लागाव नही."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. नूतनने त्यात कुठे चूक सापडते का ते पाहिलं, सापडली नाही. "नको," ती म्हणाली. "राहू द्या."

"काब्र पन?" त्याने कारण विचारलं.

"माहीत नाही, बापू. मी मोजून मोजून बसवलेत ते."

तो रागावला नाही. त्याने किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः डावीकडे जाऊन बसला. लोणखेड्याला पोचेपर्यंत दोघं पावसाने उखडलेल्या रस्त्याबद्दल बोलत राहिले. गॅरेजमध्ये त्याने बारदानं सोडलीच नाहीत. ती तिथेच एका कोपऱ्यात लावली आणि भटूला सांगितलं, ताईंना कधी वाटलं तर लावून दे. चहा पिऊन संध्याकाळच्या सुरत गाडीने तो गेला. मोकळ्या हाताने एसटीत चढताना तो कसा दिसला, हे नूतनने नंतर हेमकांतला सांगायचा प्रयत्न केला. हेमकांतने दोनदा विचारलं, "म्हणजे त्याने काय नेलं?"

तीन आठवड्यांनी, मधल्या सुट्टीत, सुरतहून एक अनोळखी नंबर वाजला. भूमिका बोलत होती, करणसिंगची बायको. आवाज दबका, माणूस शेजारच्या खोलीत असावा तसा. "ताई, यांनी नव्या गाडीलाही तसलेच मागवलेत. आज बसवणार आहेत. म्हणतात, यावेळी तू सांगशील तेवढ्यावर ठेवतो. मला तर काहीच कळत नाही. तुम्ही कितीवर ठेवलेत?"

नूतन दहा म्हणणार होती. पण ती गाडी वेगळी, मोठी, तिचं वजन वेगळं, रस्ते वेगळे. तिने वही उघडली, तक्त्याकडे पाहिलं, त्यातलं काहीच उपयोगाचं वाटेना.

"असं करा," ती म्हणाली, "आधी पूर्ण मऊ करून घ्या. मग तुम्ही शेजारी बसा आणि तुमच्या पाठीला विचारत एकेक वाढवा."

"एकेक? त्यात दिवस जाईल की."

"मला आठवडा लागला."

पलीकडे भूमिकाने 'पूर्ण मऊ, मग एकेक' असं स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "बरं, बघते," आणि करणसिंगला हाक मारत तिने फोन ठेवला.