दगडावर ठेवलेला हात

आमच्या ग्रामपंचायतीत नऊ जागा. निकाल लागला तेव्हा चार महिपतच्या पॅनलला, चार अनिलच्या पॅनलला आणि नववी माझ्या बायकोला, जिवलीला. तिला कुठल्या पॅनलने नाही, आमच्या वाडीने उभं केलं होतं. सरपंच थेट लोकांनी निवडायचा कायदा सरकारने आदल्याच वर्षी मोडला होता, त्यामुळे सरपंच पुन्हा मेंबरच निवडणार होते. म्हणजे सगळं जिवलीच्या एका मतावर आलं. कालपर्यंत ओळख न देणारी माणसं आमच्या दारात चपला काढून बसायला लागली.

वाडीला एकच गोष्ट पाहिजे होती, गावच्या टाकीपासून वर वाडीपर्यंत पाइपलाइन. मार्च लागला की आमच्या बाया ओहोळात खड्डा खणतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. धरणं आमच्या उशाशी आणि पाणी मुंबईला, हे रडगाणं आता आमचं आम्हालाच कंटाळवाणं झालंय. अनिल नुसता हो-हो करून गेला. महिपतने मात्र पहिल्याच सभेत ठराव घेतो असं वाडीसमोर कबूल केलं. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं होतं, म्हणून त्याच्या चारांतली एक, त्याची बायको संजीवनी, उभी राहणार होती.

वाडी बसली आणि मत संजीवनीला द्यायचं ठरलं. जिवलीने वाडीच्या वाटेवरच्या वाघदेवाच्या दगडावर हात ठेवून शब्द दिला. आमच्यात दगडावर हात ठेवला की विषय संपतो. त्या माणसाला परत कुणी विचारत नाही. विचारलं तर देवालाही खोटं पाडलं आणि माणसालाही.

दुसऱ्याच दिवशी महिपतने आपले चार मेंबर आणि जिवली यांना गाडीत घातलं आणि मुरबाडकडच्या एका फार्महाऊसवर नेलं. फुटाफूट नको म्हणून आठ दिवस तिथेच ठेवायचं आणि सगळ्यांचे फोन काढून घ्यायचे. नवऱ्यांनी यायचं नाही. मला राग आला, पण पाइपलाइन आठवून गिळला.

मी वाशिंदला कंपनीत पॅकिंगला आहे. तिसऱ्या दिवशी आसनगाव स्टेशनबाहेर अनिलचा भाऊ सुनिल भेटला. त्याची बायको मनस्वी दुसऱ्या बाजूने सरपंचाला उभी होती. चहा पाजून तो हसत म्हणाला, "गोमा, तुझी मेंबरीण आमच्यात आली म्हणं. तुला नाय सांगितलं?"

मी त्याला उडवून लावलं. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. कंपनीत दोनदा चुकीची लेबलं लावली, सुपरवायझरचं ऐकून घेतलं. जेवण गोड लागेना, बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जावं कळेना. सहाव्या दिवशी रजा टाकून मोटरसायकलने थेट फार्महाऊस गाठलं. वॉचमनने फाटकातूनच परत पाठवलं. आतून बायांचं हसणं ऐकू आलं आणि त्यात जिवलीचं मी ओळखलं. घरी ती इतकी मोकळी कधी हसली नव्हती. ते हसू मला सुनिलच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मतदानाच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर दोन्हीकडची माणसं जमली होती. गाडीतून जिवली उतरली ती पोपटी साडी नेसून. ही साडी आमच्या घरातली नव्हती. सुनिलचं बोलणं मला खरं वाटलं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, मी तोंड फिरवलं.

आत सभा सुरू झाली आणि अनिलच्या एका मेंबराने गुप्त मतदान मागितलं. अधिकारी म्हणाले, मागितलंय तर घ्यावं लागेल. झालं! आता कोण कुठे फुटलं ते ब्रह्मदेवालाही कळणार नव्हतं. मी इमारतीच्या मागे पळालो. तिकडची खिडकी उघडी होती आणि जिवली तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होती.

"कागद मला दाखव गो," मी हळूच म्हणालो. "घडी घालायच्या आधी."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

तिची पाळी आली. शिक्का मारून ती वळली आणि दोन्ही हातांनी कागद खिडकीकडे उंच धरला, सगळ्या सभेला दिसेल असा. शिक्का संजीवनीच्या नावासमोर होता. माझ्या जिवात जीव आला. त्या क्षणी माझ्याइतका सुखी माणूस पंचक्रोशीत नसेल.

तेवढ्यात अधिकारी उठले. गुप्त मतदानात कागद दाखवला, मत बाद. महिपत बाहेरून ओरडत राहिला, पण नियम तो नियम. उरली चार आणि चार. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, शिपायाने एक काढली आणि मनस्वी सरपंच झाली. सुनिलने माझ्याच अंगावर गुलाल उधळला.

घराकडे चढताना जिवली पुढे होती. मीच साडीचं विचारलं, एवढं होऊनही. ती चालता चालताच बोलली. दोन साड्यांवर आठ दिवस काढले, मी एक पिशवीसुद्धा पाठवली नाही, शेवटी संजीवनीने आपली नेसायला दिली. मी वॉचमनकडून परत गेलो तेही तिला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. वाघदेवापाशी ती थांबली.

"पाणी आज नाय तर उद्या येल," ती म्हणाली. "पन मी या दगडावर हात ठेवला व्हता. तुमी परत इचारलंत."

मी तिच्या मागे चढत राहिलो.

वाडी अंगणात वाट बघत बसली होती. निकाल फोनवर आधीच पोचला होता. म्हातारा गोजर म्हणाला, मत बाद कसं झालं ते सांगा. जिवलीने कुणाकडे पाहिलं नाही. हंडा उचलला आणि ओहोळाची वाट धरली.

मी म्हणालो, कागद दाखवायला मीच सांगितलं.

"का रे?" गोजर म्हणाला.

का ते सगळ्यांना कळलं होतं. तरी माझ्या तोंडून निघेपर्यंत कुणी जागचं उठलं नाही.