अर्ध्या तिकिटासाठी नऊ वर्षं

सातव्या दिवशी सकाळी लॅबच्या मुनव्वरभाईंनी बिलिरुबिनचा आकडा दिला. साडेनऊ. गिरधर आप्पांना भरती केलं तेव्हा तो चौदा होता. म्हणजे त्यांचे डोळे कमी पिवळे दिसत होते, तो माझा भास नव्हता.

दारूने यकृत असं सुजलं की आम्ही आठवडाभर स्टेरॉइडच्या गोळ्या देतो आणि मग सहा आकडे फोनमधल्या सूत्रात भरतो. उत्तर ०.४५ च्या खाली आलं तर गोळ्या अजून तीन आठवडे, आणि माणूस तगण्याची आशा चांगली. वर गेलं तर गोळ्या बंद. मग आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

उत्तर आलं ०.४६.

मी आकडे पुन्हा भरले. तेच.

"ह्या वाचतीन ना, बाई?" आप्पांच्या बायकोने, कमलबाईंनी विचारलं.

मी तपासायच्या निमित्ताने आकडे मोठ्याने वाचू लागले. "अल्ब्युमिन दोन पूर्णांक आठ. वय सहासष्ट..."

"कोन सहासष्ट?"

"आप्पा. आधार कार्डावर आहे तसं."

कमलबाईंनी पदर तोंडाला लावला, तरी हसू फुटलंच. "सत्तावन शेतस हो! आधारना टाइमले वाढाईसन सांगं. एस्टीमा अर्धं तिकीट जोयजे ना यास्ले!"

"चूप बठ!" खाटेवरून आप्पा. "तुले बाई म्हनीसन आयतंच अर्धं लागस. तुले काय समजस?"

सूत्रात वयाचं वजन मोठं असतं; वय कमी, तर उत्तरही खाली. पण तोंडी वय मी भरणार नव्हते.

"कागद हवा," मी म्हणाले.

कमलबाईंनी भावाला फोन लावला. हेमराज आप्पांच्याच वर्गातला, आता गावच्या त्याच शाळेत मास्तर. फोनमधून सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं, "दाजी, मी पुढला साल रिटायर व्हसू! तुमी मन्हापेक्षा नऊ वरीस मोठा कशा?"

दहा मिनिटांत शाळेच्या रजिस्टरचा फोटो आला. कोपऱ्यात हेमराजचा अंगठा, मधे आप्पांची जन्मतारीख.

सत्तावन भरले. ०.२६.

मी हसले. बहुधा जोरात, कारण मुनव्वरभाई दारातून डोकावले. "क्या हुआ, मॅडम?"

"आप्पा नऊ वर्षांनी लहान झाले. गोळ्या चालू राहणार."

"म्हंजे वाचतीन?"

"खात्री नाही देता येत, कमलबाई. पण आशा चांगली आहे. दारूचा मात्र थेंबही नाही."

"थेंब? मी वासबी लेवाले दिवू नही!"

"एस्टीवालास्ले सांगू नका, बाई," आप्पा अगदी हळू म्हणाले.

शेजारच्या खाटेवरचे करमसिंग उठून बसले. "मॅडम, माझंही थोडं कमी करून बघा ना!"

वॉर्ड खदखदला. मी केसपेपरवरचे सहासष्ट खोडून सत्तावन लिहिले, सही केली आणि खाली लिहिलं: गोळ्या चालू, एकवीस दिवस. माझं लिहून होईतो कमलबाईंनी आप्पांच्या तोंडात गोळी टाकून पाण्याचा पेला लावलाही होता.