अकरा सेकंद

तिने आलेख तिसऱ्यांदा उचलून पानाच्या मधोमध बसवला आणि तो तिसऱ्यांदा उडी मारून खालच्या पानावर गेला. दुपारचे अडीच वाजले होते. पाच वाजता विद्यापीठाचं संकेतस्थळ पोर्टफोलिओ घेणं बंद करणार होतं, आणि एकदा बंद झालं की थेट सहा महिन्यांनी उघडणार.

नर्सिंगच्या शाळेत ती आठ वर्षं शिकवत होती, तीही हंगामी. शैक्षणिक तंत्रज्ञानाची ही पदव्युत्तर पदवी हातात पडली की कायमची जागा, असं प्राचार्यांनी तोंडी कबूल केलं होतं. म्हणून नोकरी सांभाळून दोन वर्षं हा उद्योग. शेवटचा प्रकल्प होता औषधाची मात्रा काढायला शिकवणारे सहा व्हिडिओ, वसतिगृहात राहणाऱ्या चौतीस विद्यार्थिनींसाठी.

सगळा डोलारा त्या उड्या मारणाऱ्या आलेखावर उभा होता. त्यात दिसत होतं की तिसऱ्या व्हिडिओत चार मिनिटं बारा सेकंदांपाशी मुली पुन्हा पुन्हा मागे जात होत्या, एकेक जण सात-सात वेळा. म्हणजे तिथलं गणित डोक्यावरून जातंय, असं तिने ताडलं आणि तो पाठ शाळेतल्या शांत खोलीत, सोप्या पायऱ्या करून, नव्याने रेकॉर्ड केला. त्यानंतर मागे जाणं शून्य. मार्गदर्शक सर एरवी कौतुक करताना हात राखून असत, पण तेही म्हणाले होते, "हा तुमच्या प्रकल्पाचा कणा."

आता फक्त एका विद्यार्थिनीचं दोन वाक्यांचं मनोगत हवं होतं. तिने दाराच्या कडीला बाहेरून लाल रुमाल अडकवला. रुमाल दिसला की आई घरात चोरपावलांनी वावरायची, शिंकसुद्धा दाबून धरायची. तीन महिन्यांपूर्वी रेकॉर्डिंगच्या मध्येच आत आली म्हणून आईला चांगलीच बोलणी बसली होती, तेव्हापासूनचा हा कायदा.

व्हिडिओ कॉल लागला आणि पडद्यावर वर्गातली सर्वांत बोलकी मुलगी आली. मागे ओळीने खाटा, खाटांवर वाळत टाकलेले पांढरे गणवेश.

"तिसऱ्या पाठात तुम्ही सगळ्या एका जागी अडकत होतात. चार-बाराला. नव्या व्हिडिओत नाही अडकलात. काय सोपं झालं, ते सांग."

मुलीने उठून खोलीचं दार लोटलं. बोलकी मुलगी दार लोटून बोलायला बसली की शिक्षकाने घाबरावं, हे आठ वर्षांत ती शिकली होती.

"मॅडम, रागावणार नाही ना?"

"नाही गं. बोल."

"गणित आम्हाला आधीही येत होतं. तिथे तुमची आई यायची."

"कोण?"

"तुमची आई. तुम्ही खाल्लं का विचारतात, मग तुम्ही त्यांच्यावर ओरडता." मुलीने खाली पाहिलं. "ते ऐकलं की घरी असल्यासारखं वाटायचं. ड्युटीवरून आलं की आम्ही लावायचो. नव्यात ते नाहीच."

तिने आलेखाकडे पाहिलं.

"मी सोप्या पायऱ्यांचं म्हणू का, मॅडम?" मुलीने समजूतदारपणे विचारलं.

"थांब. कळवते तुला."

तिने जुनी फाइल उघडली. तो तुकडा आपण कापला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. कापला होताच, पण घाईत न कापलेली फाइल चढवली होती. तिने हेडफोन लावले.

"अगं, सकाळपासून पोटात काही गेलंय का?"

"आई! रेकॉर्डिंग चालू आहे, कळत नाही का तुला?"

"बरं बरं. झाकून ठेवते."

मग दार हळूच लागल्याचा आवाज, आणि लगेच तिचा स्वतःचा, काही झालंच नाही असा गोड आवाज: तर आपण पाचशे मिलिग्रॅमपासून सुरुवात करू. अकरा सेकंद. तिने पुन्हा मागे नेलं. मग पुन्हा. स्वतःचा तो आवाज ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडेतीनला तिने सरांना फोन केला.

"आकडे खोटे आहेत का?" सगळं ऐकून सरांनी विचारलं.

"आकडे खरे आहेत, सर. मी लावलेला अर्थ खोटा आहे."

"परीक्षक विचारतील, मग तुमच्या सुधारणेने साधलं काय?"

"माहीत नाही."

"पाचपर्यंत माहीत करून घ्या," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

गप्प बसणं किती सोपं होतं! मुलगी सांगू ते बोलणार होती, परीक्षक चार-बारा उघडून ऐकणार नव्हते. कायमची जागा हाकेच्या अंतरावर होती. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पाणी प्यायली, पुन्हा खिडकीपर्यंत गेली. मग बसून तिने निष्कर्षाची पाच पानं पुसली. पुसताना रडू आलं, ते तिने येऊ दिलं.

त्या जागी फार काही लिहिता आलं नाही. 'मुली गणितासाठी मागे जात नव्हत्या. सुधारित आवृत्तीत मी अकरा सेकंद काढून टाकले. त्यानंतर त्या परत आल्या नाहीत. हे मला त्यांना विचारल्यावर कळलं. विचारायला मी तीन महिने लावले.' श्रेयनामावलीत 'लेखन, आवाज, संपादन: स्वतः' असं होतं. तिथे 'आवाज' पुढे तिने कंसात एक शब्द वाढवला, 'आईसह'. पाचला दहा कमी असताना तिने बटण दाबलं.

दार उघडलं तर आई समोरच उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. आईने भुवया उंचावल्या, पाच बोटं एकत्र करून तोंडाशी नेली, मग स्वयंपाकघरातल्या झाकलेल्या ताटाकडे बोट केलं.

"तोंडाने विचार ना, आई."

आईने आधी कडीला लटकणाऱ्या लाल रुमालाकडे पाहिलं.