काकांच्या मुलाखतीत आई

“आणि मुलाखती पुसल्याचं हमीपत्र?” विद्यापीठात खिडकीमागच्या बाईंनी विचारलं.

“तेवढंच राहिलंय,” बेबी म्हणाली.

“गेल्या वर्षीही तेवढंच राहिलं होतं.”

“हो.”

“अहो, प्रबंध मंजूर झाला, तोंडी परीक्षा झाली, तुमचे सर निवृत्त होऊन त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा झालं. एक बटण दाबायचं, बास. शुक्रवारनंतर फाईल बंद होईल हं. मग बसा पुन्हा पहिल्यापासून.”

बाईंनी खिडकी लावून घेतली. जेवणाची सुट्टी व्हायला अजून वेळ होता, पण तयारीला लागायला हवं ना.

बेबी हे काही कागदोपत्री नाव नव्हे. पण घरात पडलेलं नाव पस्तिशी ओलांडली तरी पिच्छा सोडत नाही. या बेबीच्या शिक्षणाची हकीकत घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. आधी तिने पर्यावरणशास्त्राची पदवी घेतली. त्या काळात ती गावातल्या तळ्याचं पाणी बाटल्यांत भरून आणायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. “एका कप्प्यात दूध, दुसऱ्या कप्प्यात विष! फ्रिज आहे की काय आहे?” असं आई रोज विचारायची. आत्याच्या यजमानांनी एकदा त्यातली एक बाटली तोंडाला लावली आणि पाणी जरा जड आहे, एवढाच अभिप्राय दिला. ते सरकारी नोकरीत होते.

तळ्याचं पाणी घाण आहे, हे बाटल्यांनी सिद्ध केलं. गावाला ते नाकाने आधीच सिद्ध झालेलं होतं. मग सगळ्यांना ठाऊक असून तोच माणूस दरवेळी कसा निवडून येतो, हे बघायला बेबीने राज्यशास्त्रात एम. ए. केलं. जुन्या निवडणुकांचे जाहीरनामे गोळा केले. त्या जाहीरनाम्यांत तळं चार वेळा स्वच्छ झालं होतं. शेवटी, लोक बोलत का नाहीत हा प्रश्न उरला, तो घेऊन ती समाजशास्त्रात डॉक्टरेट करायला बसली.

“आधी पाणी तपासलं, मग पुढारी तपासले,” बाबा आल्यागेल्याला सांगायचे, “आता आम्हाला तपासतेय.”

लोक तळ्याकाठी बोलत नव्हते. स्वतःच्या घरात तर मुळीच नाही. म्हणून बेबी त्यांना आपल्या स्वयंपाकघरात बोलवायची. टेबलावर छोटं यंत्र ठेवायची आणि प्रश्न विचारायची. आईला कोणी काही विचारलेलं नव्हतं. पण न विचारता बोलणारं गावात तेवढं एकच माणूस होतं.

मुलाखती संपल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. फोटोंचा ढीग आहे घरात. प्रत्येकात तिचं तोंड मिटलेलं आहे, म्हणजे एकही तिच्यासारखा आलेला नाही. लग्नकार्यांच्या व्हिडिओत ती कुठेच नाही, कारण ती आत वाढपाच्या गडबडीत. तिचा आवाज उरला तो फक्त पाणीवाल्या काकांच्या मुलाखतीत. बाकीच्या मुलाखती बेबीने आई असतानाच, लिहून काढल्या तशा पुसल्या होत्या. ही पुसायला हात धजत नव्हता.

पाणीवाले काका म्हणजे पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवायची नोकरी केलेले शेजारी. कारखान्याचं रंगीत पाणी कोणाच्या सांगण्यावरून तळ्यात सोडलं जायचं, ते त्यांनी नावानिशी सांगितलं होतं. अट एकच: प्रबंध मंजूर झाला की आवाज पुसायचा. बेबीने तसं लिहून दिलं होतं. आईपुरतं कापून ठेवता येईल का, हेही तिने करून पाहिलं. जमेना. आईने आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. आई ठेवायची तर काका ठेवावे लागत होते.

विद्यापीठातून ती तडक काकांकडे गेली. काका पायरीवर बसून छत्रीची काडी बसवत होते.

“काका, एक विचारायचं होतं.”

“विचार की. यंत्र चालू नाही ना?”

“नाही हो. तुमची मुलाखत... ठेवू का मी? कुणालाही ऐकवणार नाही. आई आहे त्यात.”

काकांनी काडी हातातच धरून ठेवली. “काय म्हणतात वहिनी?”

“तुम्ही साहेबांचं नाव घेता, तेवढ्यात विचारते, चहात साखर कमी झाली का.”

“कमीच होती,” काका हसले. “पण बोलायची सोय होती का!”

मग हसू ओसरलं.

“तुला नाही म्हणणं जिवावर येतं गं. पण आमचा धाकटा आता त्याच साहेबांच्या ऑफिसात लागलाय. अजून कायम केलेला नाही. कधी कुठून माझा आवाज बाहेर पडला, तर पोराला घरी बसवतील.”

“मी कपाटात कुलपात ठेवीन.”

“बेबी, मी उठून चाललो होतो त्या दिवशी. आठवतंय? घाबरलो होतो. तू यंत्र सुरू करायच्या आधीच उठलो. वहिनींनी खाली बसवलं. म्हणाल्या, बोला तुम्ही, पोरगी शब्दाला पक्की आहे. म्हणून बोललो. तुझ्या त्या कागदाकडे बघून नाही.”

बेबीला आठवत होतं. काकांनी छत्री उघडून पाहिली, मिटली, आणि आत वळून ओरडले, “अगं, चहा टाक! बेबी आलीय. साखर नीट घाल.”

संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी ती मुलाखत कधी ऐकली नव्हती. “चाळीस वर्षं ऐकलंय तिचं, आता पुन्हा काय ऐकायचं,” असं म्हणून ते दरवेळी फिरायला निघून जायचे. आज चपला घालून ते दारापर्यंत गेले आणि परत आले. चपला काढल्या. खुर्ची ओढून बसले.

“लाव,” म्हणाले.

काकांचा आवाज आला, दबका. मागे भांड्यांचा. काका रात्रपाळीचं सांगत होते. आई मध्येच म्हणाली, बेबी, कोपर उचल, टेबल पुसू दे. काकांनी पुन्हा सुरुवात केली. आई म्हणाली, मुकादमाचं काय घेऊन बसलात, त्याच्या बायकोची हौस सांगा आधी. बाबा खाली मान घालून ऐकत होते. काकांनी नाव घेतलं आणि त्या नावावरच आईचा आवाज आला:

“अहो, ते दार लोटून घ्या ना. धूळ येतेय सगळी आत.”

मुलाखतीत दार लोटल्याचा आवाज नव्हता. त्या दिवशी बाबा पेपर वाचत बसले होते. काका बोलत राहिले.

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. दारापाशी गेले आणि आवाज होणार नाही अशा बेताने त्यांनी ते लोटलं.

“एकदा सांगून ऐकतील तर शपथ,” यंत्रातून आई म्हणाली.

“लोटलंय,” बाबा म्हणाले.

बेबीने मुलाखत शेवटपर्यंत चालू दिली. संपल्यावर पुसली. बाबा कडीवर हात ठेवून दाराशीच उभे होते.