सासूबाईंची पैठणी आणि जोह्याचं प्लास्टर

पैठणी जपायची कशी, हे मला कुणी शिकवू नये. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायची नाही, मलमलीत गुंडाळायची. डांबरगोळी जरीला टेकू द्यायची नाही. सेंट आधी अंगाला, मग साडी. अधूनमधून घडी मोडून वेगळी घालायची, नायतर रेशीम घडीवरच चिरतं. आणि पाणी? नावसुद्धा काढायचं नाही. माझ्या सासूबाई, शांतीबाई, रोह्याहून फोन करून हे सगळं माझ्याकडून पाढ्यांसारखं म्हणून घ्यायच्या.

त्यांची हातमागाची पैठणी एकच, मोरपंखी, पदरावर मोर. सुना मात्र दोन. थोरली सुरभीवहिनी त्यांच्याजवळ रोह्याला. धाकटी मी, अनिता, इकडे पेणजवळ जोह्याला, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात. सासूबाईंनी एक दिवस जाहीर केलं, "दोघी एकेकदा नेसा. मग मी बघीन. जी जपेल तिची."

मला ती साडी हवी होती. खोटं कशाला बोलू? लग्नात मला मिळालेली यंत्रावरची, दोन धुण्यांत तिचं पोतेरं झालं.

पहिला मान थोरलीचा. वहिनीने नेसली आणि मग मला पाठवली, तीही पदराच्या चुण्या घालून, वर पिन लावून! केवढी माया, मला भरूनच आलं. तसाच पदर खांद्यावर टाकून मी रामवाडीला मैत्रिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले. वड्यांचं ताट पुढे आलं तेव्हा हात मागे घेतला. जीव तुटला, पण घेतला.

घरी येऊन पिन काढते तर काय, मोराच्या पोटावर हा एवढा तेलाचा डाग! माझ्या शेजारी काशीबाई बसल्या होत्या आणि त्यांनी वडे हाणले होते. बस्स. त्यांच्या नावाने मी कडाकडा बोटं मोडली आणि मग रडायला बसले.

आमचे हे, हर्षद, कारखान्यातून आले. "रडतेस काय? तेल ओढून घ्यायला पावडर लागते." तोंडाला लावायची पावडर संपलेली. पण आमच्याकडे पांढऱ्या भुकटीला काय तोटा? कारखान्यात जमिनीवर तेल सांडलं की मूठभर प्लास्टर टाकायचं आणि झाडून घ्यायचं, ही इथली रीतच. ह्यांनी साडी टेबलावर पसरली आणि डागावर प्लास्टर भुरभुरवलं. मला पटलं. मी चहा ठेवायला गेले.

परत येते तर ह्यांच्या हातात पाण्याचा मग, तोही रिकामा.

"अहो! काय केलंत हे?"

"अगो... भिजवलं," म्हणाले, आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले. जन्माची सवय. समोर प्लास्टर दिसलं की ह्यांचा हात पाण्याकडे जातो.

माझं ओरडून होईस्तोवर मोर दगड झाला होता. मी ह्यांचं अख्खं खानदान काढलं, मग आठवलं की साडीही त्याच खानदानाची. तशी गप्प झाले.

मी ओढायला गेले तर ह्यांनी हात धरला. "ओढू नको. साच्याला आतून तेल का लावतो आपण? प्लास्टर धरू नये म्हणून. तेल हाय तिथं सुटेल." आणि खालून अंगठ्यांनी हळूच दाबलं. टक्! अख्खी वडी सुटून आली. कडेच्या धाग्यांत पांढरं अडकलं होतं, ते मूर्तीचे डोळे आखायच्या बारीक ब्रशने एकेक करून काढलं. मलमलीने टिपून पंख्याखाली वाळवलं. बघते तर डाग गायब! माझ्या नशिबाने निभावलं. तुम्ही घरी करून बघू नका.

रविवारी पेणहून गाडीने रोह्याला गेलो. सासूबाई चष्मा लावून तयारच होत्या. वहिनीने साडी माझ्या हातातून जवळजवळ हिसकावली, सरळ पदराला हात घातला आणि गळा काढला, "अगो बाई, केवढा मोठा..." आणि थांबली. पदर उलटा केला, खिडकीशी धरला, दुसऱ्या मोराचं पोट तपासलं. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "इथला डाग कुठाय?"

"कुठला डाग गो, सुरभी?" सासूबाईंनी विचारलं.

वहिनीचा चेहरा पांढराफटक. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती पिन! त्या चुण्या! आणि मी बिचाऱ्या काशीबाईंना शिव्या घातल्या! मला गप्प बसायचं होतं, देवाशपथ. गप्प बसले असते तर साडी माझीच होती. पण राग आला की माझ्या जिभेला हाड नसतं.

"लाज नाय वाटली, वहिनी? तुमच्या डागापायी आम्ही पैठणीवर प्लास्टर ओतलं!"

"काय ओतलं?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

मग दोघींचं सगळंच बाहेर आलं. सासूबाईंनी साडीची घडी मोडून वेगळी घातली. "एकीने डाग पाडून लपवला. दुसरीच्या घरात प्लास्टर ओतलं गेलं. डाग काढला कुणी?"

कोपऱ्यात पोहे खात बसलेल्या ह्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"मग साडी हर्षदची."

"आई, मी काय करू तिचं?"

"जप."

तेव्हापासून हे जपतात. कपाटाला कुलूप. मी नेसायला मागितली तर विचारतात, "जेवणात तळलेलं काय हाय?" वहिनीने "भावजी, भावजी" करून पाहिलं, तिलाही नाय दिली. परवा तिचा फोन आला, मला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आम्ही तासभर बोललो, सगळं ह्यांच्याबद्दल. शेवटी ती हळूच म्हणाली, "अनिता, किल्ली कुठे ठेवतात ते बघून ठेव गो. आळीपाळीने नेसू."

मी म्हटलं, "बघून ठेवलीय."